नव्वद रुपयांचा कपॅसिटर आणि साडेतीन हजारांची मोटर

रविवारच्या पुरवणीतला पावसाळ्यातील घरगुती उपकरणांवरचा लेख वाचला आणि राहवेना म्हणून हे पत्र. वॉशिंग मशीनचा ड्रायर बंद पडला तर गृहिणींनी मशीन उघडण्याचे धाडस करू नये, थेट अधिकृत सेवा केंद्राला फोन करावा, असा उपदेश त्यात दोन ठिकाणी आहे. लेखकाने त्या मशीनचे मागचे झाकण एकदा तरी काढले आहे का? आमच्या घरी याच आषाढात सेवा केंद्राचा माणूस येऊन गेला. ड्रायर फिरत नव्हता, नुसता घुमत होता. त्याने टायमर फिरवला, कान दिला आणि ‘मोटर गेली’ असे सांगून टाकले. मोटरीचे साडेतीन हजार, व्हिजिटचे वेगळे, वर १८ टक्के जीएसटी. मागचे स्क्रू त्याने सोडवलेसुद्धा नाहीत. तो गेल्यावर ते मी सोडवले. कपॅसिटर फुगलेला होता. नवा बाजारपेठेत नव्वद रुपयांना मिळाला आणि त्याच संध्याकाळी ड्रायर फिरू लागला.

नव्वद रुपये! गिऱ्हाइकाने झाकण उघडू नये असे कोणाला आणि का वाटते, ते या एका आकड्यावरून कळते.

दोन टबांच्या मशीनमधला ड्रायर हे घरातल्या सगळ्यात साध्या विजेच्या यंत्रांपैकी एक आहे. खाली मिनिटाला साधारण तेराशे-चौदाशे फेरे घेणारी मोटर, तिच्या दांड्यावर भोकाभोकांचा टब, आणि कपड्यांतले पाणी त्या भोकांतून बाहेर फेकले जाते. त्यात हीटर नाही, आणि साध्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डही (पीसीबी) नाही. सिंगल फेजवरची ही मोटर स्वतःहून उठत नाही. तिच्या दुसऱ्या वाइंडिंगला जोडलेला कपॅसिटर तिला उठवतो. तो उतरला की मोटर घुमते आणि जागच्या जागी तापत राहते. कपॅसिटर चांगला असूनही ती नुसती घुमत असेल तर ब्रेकवायर बघावी. झाकण बंद केले की ही वायर ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. वायर ताणून सैल पडली की ब्रेक आवळलेलाच राहतो. ती पुन्हा ताणून बसवायला पाना आणि दहा मिनिटे पुरतात. कधी टबाखाली नुसता मोजा किंवा रुमाल अडकलेला असतो. आणि अजिबात आवाज येत नसेल तर झाकणाचा स्विच, टायमर, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. आमच्या कोकणात बहुतेकदा उंदीरच. पावसात त्याला कोरडी जागा हवी असते आणि मशीनचा तळ अनेकदा उघडाच असतो. तिथे पत्र्याची जाळी बसवली तर निम्मी दुरुस्ती टळेल, पण हे सेवा केंद्राच्या माणसाने कधी आपणहून सांगितल्याचे ऐकिवात नाही.

वीज आहे, धोका आहे, हे मला कोणी शिकवू नये. पण धोका आहे म्हणून ‘हात लावू नका’ सांगायचे की हात कसा लावायचा ते सांगायचे? नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर काढायचा. कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेला असू शकतो, म्हणून त्याच्या दोन टोकांना बल्बच्या होल्डरच्या वायरी टेकवून तो आधी रिकामा करायचा. नवा घेताना जुन्यावर लिहिलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्ट जुळवून घ्यायचे. ओल्या मोरीत उभे राहून काम करायचे नाही. वायरिंगचे काही समजत नसेल तर वायरमनला बोलवावे, त्यात कमीपणा नाही. एवढे त्या लेखात चार ओळींत छापता आले असते आणि त्याने जीव वाचले असते. तिसऱ्या पिनेला अर्थिंग आहे की नाही हे तपासून घ्या, असेही त्यात कुठे नाही. जुन्या घरांतून ती पिन नुसती शोभेला असते.

उलट मला खरा राग आहे तो झाकणाचा स्विच बिघडला की तो ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्यांचा. मग झाकण उघडे असतानाही मोटर चालू राहते, आणि ब्रेक झिजलेला असेल तर टब फिरत राहतो. फिरत्या टबातल्या साडीला किंवा ओढणीला हात घातला तर तो पिळवटून निघेल. हे काम करून पैसे घेणाऱ्याकडे गणवेश आणि ओळखपत्र असले तरी तो गुन्हाच आहे. घरच्या माणसाने असे केले तर मूर्खपणा म्हणतात, मेकॅनिकने केले तर दुरुस्ती.

आणि ‘गृहिणींनी’ का? कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कोण बदलते? मिक्सरचा कपलर झिजला तर तो कोण काढते? आमच्या शेजारच्या वहिनींनी स्वतःच्या मशीनची ब्रेकवायर स्वतः बसवली आहे.

चिपळूणकर म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर रस्त्याच्या कडेला फ्रिज, मशीन, मिक्सर यांचे ढीग लागले होते. सेवा केंद्रे एकच वाक्य बोलत होती: पाण्यात गेलेले टाका, नवे घ्या. ज्यांनी ऐकले नाही त्यांनी गाळ स्वच्छ पाण्याने धुतला, मोटरी पूर्ण वाळवल्या, बेअरिंग आणि कपॅसिटर बदलले. त्यातली कितीतरी मशीन आजही चालत आहेत. पुराने ज्यांचे सगळे नेले त्यांना ‘नवे घ्या’ सांगणे हा निव्वळ निर्दयपणा होता.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, मोटारी आणि घरगुती टिकाऊ वस्तू अशी चार क्षेत्रे ठरली, त्याच वर्षी पोर्टलही निघाले. पुढे दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकासाठी दुसरी समिती झाली. तिचा अहवाल २०२५ च्या मे महिन्यात आला आणि त्यात सुरुवात झाली ती मोबाइल आणि टॅबलेटपासून. घरोघरचे मशीन राहिले मागे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून समोरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनवर दहापैकी किती दुरुस्ती-गुण ते दुकानातच लिहावे लागत होते; २०२५ मध्ये त्यांची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेतली. युरोपीय संघाच्या नियमानुसार वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षे मिळाले पाहिजेत. इथेही तत्त्व नवे नाही. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. मोटारीच्या मालकाला जो न्याय, तो मशीनच्या मालकिणीला का नाही? वॉरंटी असेपर्यंत कंपनीचे नियम मान्य. ती संपल्यावर मशीन माझे आहे, त्याचा सर्किटचा नकाशा आणि सुट्या भागांचे दरपत्रक मला मिळालेच पाहिजे.

जाता जाता शाळांबद्दलही लिहितो. कार्यानुभवाच्या तासाला आमच्या मुलांनी वर्षानुवर्षे कागदाची फुले आणि आकाशकंदील केले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून मुलांच्या हाती खरी अवजारे दिली. तिथे ग्रामीण मुले वायरिंग आणि वेल्डिंग शिकतात. चाळीस वर्षे झाली तरी ते प्रत्येक शाळेत पोचू नये, याचे शिक्षण खात्याला काहीच वाटत नाही? दहावी झालेल्या मुलाला विद्युतधारेचे सूत्र पाठ असते आणि प्लगमधली अर्थिंगची वायर कोणती ते माहीत नसते.

सरकार कायदा करील तेव्हा करील. तोपर्यंत वाचकांना एवढेच सांगणे: मेकॅनिकने झाकण उघडून दाखवल्याशिवाय ‘मोटर गेली’ हे मान्य करू नका. कपॅसिटर आधी तपासायला लावा. बदललेला जुना भाग परत मागा आणि नव्या भागाचे नाव व किंमत बिलावर वेगळी लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर पैसे देऊ नका.

– एक वाचक, चिपळूण