‘पुट ऑफ’चा धडा

मोठ्या इंग्रजी शब्दांना मी कधी भ्यालो नाही. तर्खडकरांची पुस्तके घोकलेला माणूस मी! मला दगा दिला तो ‘पुट’ आणि ‘ऑफ’ या दोन चिमुकल्या शब्दांनी.

गोष्ट १९८४ सालची. माझ्या भाचीला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले होते. आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे तिच्यासाठी टेलिफोन आला. ती बाहेर गेलेली, म्हणून मी धावलो. पलीकडून फाडफाड इंग्रजी! त्यातले ‘इंटरव्ह्यू’ आणि ‘पुट ऑफ’ एवढेच कानांनी टिपले. दिवा ‘पुट ऑफ’ करतात, तशी मुलाखतही विझली असे समजून मी ‘थँक यू’ म्हटले आणि फोन ठेवला. नवी तारीख त्यापुढे सांगायची होती, हे पंधरा दिवसांनी आलेल्या पत्रावरून कळले. तोवर ती तारीखही उलटली होती. भाची एवढेच म्हणाली, “मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?” ती रागावली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मी वही उघडली. ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे. रद्द करणे ते ‘कॉल ऑफ’. ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर चढवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणे सोसणे. (हे शेवटचे आमच्या सौभाग्यवतींना न शिकवताच येते!) शिवाय ‘इट’ आले की ते मध्ये शिरते : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ म्हणून चालत नाही.

वाचकहो, हा एकट्या साहेबाचाच वेडेपणा आहे असे मात्र नाही. संस्कृतात ‘हृ’ धातूच्या आधी उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे निरनिराळे अर्थ होतात. इंग्रज ते शेपूट मागे लावतो, इतकेच. आणि आपण हवा खातो, मार खातो, भाव खातो, ते परक्याने कसे समजावे? म्हणून सुटे शब्द घोकू नयेत. अख्खे वाक्य घोकावे.

परवा भाचीचा फोन आला. “मामा, दिवाळीचं येणं पुट ऑफ झालंय.”

फोन घट्ट धरून मी आधी विचारले, “कोणत्या तारखेपर्यंत?”