घाट उतरविणारा आस

ज्या घरची चूल एका मालमोटारीवर पेटते, त्या घरात मोटारीचे दुखणे माणसाच्या दुखण्याइतकेच गंभीर मानले जाते. आमच्या शेजारी असे एक घर आहे. कर्ता पुरुष निवर्तल्यावर थोरल्या मुलाने वडिलांची जुनी, दोन आसांची मालमोटार चालवावयास घेतली. बेळगावचा भाजीपाला भरून रात्री गोव्यास जावे आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या मोटारीने परतावे, हा त्याचा नेम.

गेल्या पावसाळ्याअखेर मोटारीच्या मागच्या आसातून घरघर ऐकू येऊ लागली. उघडून पाहता क्राऊन-पिनियनचे दाते झिजून तुटू लागले होते. जुन्या बाजारातील एका व्यापाऱ्याने दुसऱ्या मोटारीचा उतरविलेला सबंध आस बेताच्या किमतीत देऊ केला. “यावर गाडी महामार्गाला पळेल, डिझेलही वाचेल,” असे तो म्हणाला आणि मुलाच्या मनात ते भरले. त्याच्या आईने मात्र आम्हांस विचारले, “भाऊजी, पळण्याचे राहू द्या. हा घाट नीट उतरवील ना?”

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. म्हणून आम्ही मुलाला घेऊन दोन्ही आसांचे दाते मोजावयास बसलो. जुन्या आसात क्राऊनला ४१ व पिनियनला ६ दाते होते. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास प्रोपेलर शाफ्टचे ६.८३ फेरे व्हावयास हवेत. देऊ केलेल्या आसात ४१ ला ७ दाते होते, म्हणजे ५.८६ फेरे. आस उघडणे शक्य नसेल त्यांनी मोटार सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागची दोन्ही चाके भक्कम टेकूंवर उचलावीत व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. मग दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरवून शाफ्टवरील खडूची खूण किती वेळा फिरते ते मोजावे. एकच चाक उचललेले असेल, तर ते दोन फेरे फिरवावे.

आता या आकड्यांचा अर्थ पाहू. टॉप गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट यांचे फेरे सारखे असतील आणि चाकाच्या एका फेऱ्यात मोटार सुमारे ३.१ मीटर पुढे जात असेल, तर इंजिनाच्या मिनिटास २००० फेऱ्यांवर जुन्या आसाने ताशी सुमारे ५४ किलोमीटर वेग मिळतो आणि नव्याने ६३. व्यापारी खोटे बोलत नव्हता. परंतु हा लाभ फुकट मिळत नाही. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरील ओढ एक सप्तमांशाने घटते.

यावर मुलाचे उत्तर तयार होते. “काका, आम्ही चढताना रिकामेच असतो. ओढ कमी झाली तर बिघडले कुठे?”

येथेच आईच्या प्रश्नाचे मोल कळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. चोर्ल्याने जा अथवा अनमोडाने, भरलेल्या मोटारीनिशी सह्याद्री उतरावाच लागतो. उतारावर मोटार आवरून धरण्याचे काम एकट्या ब्रेकचे नसते, इंजिनाचेही असते. ज्या प्रमाणात चढावरील ओढ घटते, त्याच प्रमाणात त्याच गिअरमधील हा आवरही घटतो. ती उणीव मग ब्रेक भरून काढतात. ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. चालकाने एक गिअर खाली घेऊन उतरावे हे खरे. पण रोजच्या सवयीचा हात मध्यरात्री जुन्याच गिअरवर जातो. शिवाय गिअरबॉक्सवरून चालणारा वेगमापक जुन्याच हिशेबाने सांगत राहतो. काटा ६० दाखवील तेव्हा मोटार ७० ने धावत असेल.

इतर गोष्टीही पाहाव्या लागतात. स्प्रिंगा बसण्याच्या जागांमधील अंतर, ब्रेक ड्रमचा आकार, चाकांचे बोल्ट, शाफ्टची लांबी व फ्लँज हे सारे जुळावयास हवे. हाऊसिंगवर वेल्डिंगच्या खुणा असतील किंवा तेलात पोलादाचा चुरा दिसेल, तर असा आस फुकटही घेऊ नये. आणखी एक भ्रम टाळावा. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत वाढविला. पण कागदावरचा आकडा वाढल्याने जुने पोलाद बळकट होत नाही. उलट, अधिक दणकट आस बसविल्यानेही नोंदणीपत्रातील वजन आपोआप वाढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार मोटारीच्या मूळ घडणीत मनमानी फेरफार करता येत नाहीत.

हाच मुलगा कोल्हापूर-पुण्याच्या महामार्गावर हलका माल नेत असता, तर मोटारीस जुळणारा व नियमात बसणारा सात दात्यांचा आस आम्हीही पसंत केला असता. आस निवडताना मोटार कोठे पळते हे पाहण्याआधी ती भरलेली असताना कोठे उतरते, हे पाहावे.

अखेर जुन्याच हाऊसिंगमध्ये ४१-६ चा नवा क्राऊन-पिनियन घातला. ही जोडी कारखान्यात एकमेकांशी घासून जुळविलेली असते. त्यातील एकच नग कधीही बदलू नये. बेअरिंगेही नवी घातली. खर्चापायी घरातील दोन बेत पुढे ढकलावे लागले. त्या रात्री मोटार निघाली तेव्हा आई दारात उभी होती. पहाटे मुलाचा फोन आला आणि मगच तिने चहाचे आधण ठेवले.