निबंधाच्या पलीकडचं पर्यावरण

'पर्यावरण' हा विषय आपल्याकडे निबंधाचा होऊन बसलाय. झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा... एवढं लिहिलं की गुण मिळतात. प्रकल्पाची वही तर स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या चित्रांवरच भरते!

वास्तविक एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं हा विषय सक्तीनं शिकवायला सांगितलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ते साल होतं १९९१. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या मुलांसाठी ५० तासांचा अभ्यासक्रम आखला. त्यातले ५ तास बाहेर जाऊन प्रत्यक्ष पाहण्यासाठी होते. म्हणजे कागदावर सगळं ठीकच होतं. पण शिकवताना या विषयातलं विज्ञान गळून पडलं आणि उपदेश तेवढा उरला.

माझं म्हणणं साधं आहे. पर्यावरण शिकायचं तर मुळापासून, आणि मूळ म्हणजे शाळेतलंच रसायन, जीवशास्त्र आणि थोडं गणित.

पुण्याचंच उदाहरण घ्या. खडकवासल्याचं पाणी नळाला येतं, आपण वापरतो, ते मोरीतून गटारात आणि गटारातून मुठेत जातं. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात जाते आणि सोलापूरकर उजनीचं पाणी पितात. आपल्या दृष्टीनं 'वाहून गेलेलं' पाणी कुणाच्या तरी हंड्यात पोचलेलं असतं. वस्तू नाहीशी होत नाही, फक्त जागा किंवा रूप बदलते, हा धडा आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलाय. तो मोरीला कधी लावून पाहिला नाही, इतकंच.

आता थोडा हिशोब. २५ अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. एक लिटर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त असतो. म्हणजे मासा मुळातच किती काटकसरीत जगतो बघा! घरगुती सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू हाच ऑक्सिजन वापरतात. प्रक्रिया न केलेल्या एका लिटर सांडपाण्याला साधारण २०० मिलिग्रॅम तरी लागतो. भागाकार करा. एक लिटर सांडपाणी पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकू शकतं. नदी का मरते, हे कळायला एवढं गणित पुरतं.

जलपर्णीचंही तसंच. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. ती काढून काठावरच टाकली, तर कुजून त्यातलं बरंचसं खत पावसाबरोबर परत पाण्यात. हे ज्याला कळलं, तो पुढच्या वेळी नगरसेवकाला 'जलपर्णी कधी काढणार?' एवढंच विचारणार नाही, 'सांडपाणी कधी थांबवणार?' हेही विचारेल. काठाला दगडी पायऱ्या आणि दिवे लावून पाण्यातला ऑक्सिजन वाढत नाही, हेही त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

कुणी म्हणेल, लहान मुलांना आकडे कशाला? आधी निसर्गाची ओढ तर लागू दे. मान्य. पण नुसती ओढ हळहळण्यापुरती पुरते, प्रश्न विचारायला समज लागते. आणि त्यासाठी फार खर्चही नको. काचेच्या दोन बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी आणि दुसरीत शिक्षकांनी हातमोजे घालून आणलेलं नाल्याचं. दोन्हींत मिथिलिन ब्लूचे थेंब टाका, काठोकाठ भरून बुचं घट्ट लावा आणि रोज पाहा. नाल्याच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला की त्या बाटलीतला निळा रंग उडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल दहा निबंधांपेक्षा जास्त शिकतं.

असो. पाणी वाचवा हे आता सगळ्यांना पाठ झालंय. ते कुठून येतं, कुठे जातं आणि वाटेत त्याचं काय होतं, हे तुमच्या घरातल्या शाळकरी मुलाला एकदा विचारून बघा. उत्तर आलं नाही तर दोष त्याचा नाही, आपण त्याला दिलेल्या विषयाचा आहे.