शब्द एक, कामे दोन

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीही एक खतावणी असते. कोणत्या फाइलमधली कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली, याची नोंद ती ठेवते आणि हवी तेव्हा जुनी प्रत काढून देते. 'गिट' हे अशा साधनांपैकी आज सर्वाधिक वापरातले. लिनक्सच्या कामात तोवर वापरले जाणारे 'बिटकीपर' फुकट मिळणे बंद झाले, तेव्हा लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये ते लिहायला घेतले. हिशेबाला ते पक्के आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्या आज्ञांच्या शब्दांबद्दल.

'चेकआउट' ही आज्ञा घ्या. तिच्यापुढे शाखेचे नाव लिहिले, की आपण कामाच्या एका शाखेतून दुसरीत जातो. फाइलचे नाव लिहिले, की त्या फाइलवर आधी नोंदवलेली प्रत येऊन बसते. पहिल्या वेळी ही आज्ञा सावध असते. तुमचे अर्धवट काम पुसले जाणार असेल, तर ती अडून बसते. दुसऱ्या वेळी ती काहीच विचारत नाही. सकाळपासून केलेले, पण अजून नोंदवलेले नसलेले काम क्षणात जाते. आणि जे वहीत चढलेच नव्हते, ते वही परत कोठून देणार?

असे का व्हावे? साधन घडवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही कामे एकच आहेत : भांडारातली प्रत काढून टेबलावर ठेवणे. वापरणाऱ्याच्या मनात मात्र दोन वेगळे हेतू असतात. मी बँकेत होतो. तिथल्या हिशेबातही पैसे भरणे काय आणि काढणे काय, शिलकेतला बदलच. तरी दोन्हींच्या स्लिपा वेगळ्या ठेवाव्या लागतात. कारण काउंटरपुढचा माणूस खतावणीचा विचार करून येत नाही. तो भरायला येतो किंवा काढायला येतो.

ऑगस्ट २०१९मध्ये गिटच्या २.२३ या आवृत्तीत या कामांसाठी दोन आज्ञा आल्या. शाखा बदलायला 'स्विच', फाइल पूर्ववत करायला 'रिस्टोअर'. एवढ्याला चौदा वर्षे लागली. जुनी आज्ञा काढून टाकलेली नाही, आणि ते योग्यच. असंख्य ठिकाणची कामे तिच्यावर बेतलेली आहेत. नव्या नावांनी धोका संपला असेही नाही. 'रिस्टोअर'ही न विचारताच जुनी प्रत आणून बसवते. पण निदान 'स्विच' म्हणून शाखा बदलायला निघालेला माणूस चुकून त्या वाटेला जात नाही.

जाणकार म्हणतात, माहितीपुस्तिका वाचावी. जरूर वाचावी. परंतु शब्दाची उणीव पुस्तिकेने भरून काढायची, हा न्याय उलटा आहे. यंत्र आत काय करते यापेक्षा माणसाला काय हवे आहे, यावरून आज्ञेचे नाव ठेवावे. आणि एकदा पुसले की परत येत नाही, असे काही पुसण्यापूर्वी विचारावे. ही मागणी फार मोठी नाही. ती मान्य होत नाही तोवर दिवसभराचे काम गमावलेला नवखा पोरगा स्वतःलाच मूर्ख ठरवत राहील, आणि सदोष शब्द मात्र निर्दोष सुटेल.