नाकाला न कळणारे

ज्येष्ठ वाचकहो, अन्न बिघडले की नाकाला ते कळते, या विश्वासावर आपली स्वयंपाकघरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हा विश्वास अर्धाच खरा आहे. अन्नाला वास आणणारे जीवाणू बहुधा निराळे आणि आजार देणारे निराळे. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया असलेले अन्न दिसायला, हुंगायला आणि चवीलाही उत्तम असू शकते.

त्यांना ओळखायचे तर प्रयोगशाळाच हवी. रूढ पद्धतीत अन्नाचा नमुना पोषक द्रवात ठेवून जीवाणू वाढवतात आणि मग त्यांची ओळख पटवतात. साल्मोनेलासाठी तीन ते पाच दिवस, लिस्टेरियासाठी आठवडादेखील लागतो. तोवर नाशवंत पदार्थ खाऊन संपलेला असतो! जलद चाचण्यांचे मोल येथे आहे. करोनाकाळात परिचित झालेली पीसीआर चाचणी जीवाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढून त्याचा माग लावते. मात्र नमुन्यात मोजकेच जीवाणू असतील तर आधी त्यांना वाढू द्यावेच लागते. म्हणून उत्तर मिळण्यास साधारण एक ते दोन दिवस लागतात. शिवाय ही चाचणी मृत जीवाणूचेही अस्तित्व दाखवू शकते. त्यामुळे दोष आढळल्यास रूढ पद्धतीने पुन्हा खात्री करतात.

विलंबाची किंमत केवढी असते, हे दक्षिण आफ्रिकेने 2017-18 मध्ये अनुभवले. पोलोनी नावाच्या तयार मांसपदार्थातून लिस्टेरिया पसरला. हजारांहून अधिक रुग्ण आढळले, दोनशेहून अधिक दगावले. या जीवाणूची लक्षणे कधी कधी कित्येक आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे काय खाल्ल्याने आजार झाला हे रुग्णाला आठवतही नाही.

उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावते. आम्लपित्तावरील काही औषधांनी जठरातील आम्ल घटते आणि जीवाणूंना अडवणारी एक भिंत खचते. म्हणून औषध परस्पर बंद करू नये, अन्नाबाबत मात्र अधिक जागरूक राहावे.

कारखान्यातील चाचणी आपल्या पातेल्यापर्यंत पोहोचत नाही. पुढची राखण घरच्यांनीच करावयाची. कच्चे दूध उकळूनच घ्यावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. फ्रिजचे तापमान 5 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे. तरीही लिस्टेरिया त्या थंडीतही सावकाश वाढतो, हे विसरू नये. उरलेले अन्न नुसते कोमट न करता वाफा येईपर्यंत तापवावे. कच्च्या मांस-मासळीची सुरी-पाट वेगळे ठेवावेत.

घरातील वृद्धाला जुलाबासह ताप, शौचातून रक्त, लघवी कमी होणे अथवा ताप येऊन मान ताठरणे, बोलण्यात असंबद्धता असे काही दिसल्यास वयाला दोष देत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि गेल्या काही दिवसांत काय खाल्ले, तेही सांगावे.

अन्न टाकून देणे आपल्या पिढीच्या जिवावर येते. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना ते साहजिकच आहे. परंतु शंका असलेला घास टाकणे हा अन्नाचा अवमान नव्हे. तो घास ज्याच्या मुखी जाणार, त्या जिवाचा तो मान आहे.