मापाचे पैसे

नरहरी सोनाराची गोष्ट पंढरपुरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. महाद्वाराच्या बाजूला त्याची समाधी आहे, माघ वद्य तृतीयेला त्याची पुण्यतिथी होते, आणि त्या शिवभक्त सोनाराला विठ्ठलातच शंकर सापडला हे शाळेतलं पोरही सांगतं. ताहाराबादच्या महिपतींनी 1762 साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे आणि कीर्तनकारांनी ती गावोगाव नेली. हरी आणि हर एकच, हा तिचा अर्थ, आणि तो मला मान्यच आहे. पण मी हाताने दागिने घडवून पोट भरणारी बाई आहे. माझं मन दर वेळी त्या कथेतल्या दुसऱ्याच गोष्टीपाशी अडतं. ही कथा न बसणाऱ्या दागिन्याची आहे.

आठवून बघा. सावकाराला नवसाने मुलगा होतो. नवस फेडायला तो विठ्ठलासाठी सोन्याची कमरसाखळी सांगतो. नरहरी म्हणतो, मी त्या देवळात यायचा नाही, माप तुम्हीच आणा. सावकार माप आणतो, साखळी होते, देवाला घातली तर सैल. पुन्हा माप, पुन्हा काम, आता आखूड. शेवटी नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः गाभाऱ्यात जातो आणि हात पुढे करतो. हाताला व्याघ्रचर्म लागतं, साप लागतो. पट्टी काढावी तर समोर विठ्ठल.

दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम करणं काय असतं, हे या धंद्यातल्या माणसाला विचारा. दोरी पीतांबरावरून फिरवली की अंगालगत? गाठ कुठे मारली? घरी येईपर्यंत ती ताणली की आवळली? सोनाराला यातलं काहीच कळत नाही. त्यात हा देव कमरेवर हात ठेवून उभा. जिथे दागिना बसायचा नेमके तिथेच तळवे टेकलेले. देवाच्या अंगावर इतके दागिने चढतात, पण कथेने त्यांतला मापाला सगळ्यात अवघड दागिना उचलला. ज्याने कुणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला सोनारकाम आतून ठाऊक होतं, असं मला मनापासून वाटतं. डोळे बांधून माप घेता येतं. हात बांधले असते तर कथा तिथेच थांबली असती.

मी सोनाराच्या घरातली नाही. आमच्या गल्लीत अण्णांचं दुकान होतं. दुकान म्हणजे ओटीवरची एक खोली, ऐरण, बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, आणि जुनी तराजूची पेटी. बाईमाणसाने बागेसरीपुढे बसायची रीत नव्हती, आणि तसं त्यांना ऐकवणारेही होते. अण्णांनी मला बसू दिलं. पण किती तरी दिवस त्यांनी मला आगीजवळ येऊ दिलं नाही. दोरा हातात दिला आणि येणाऱ्या बायकांची मापं घ्यायला लावली. “आधी हात बघ गं पोरी, नक्षीचं मग बघू,” म्हणायचे.

पाटलीचं माप मनगटाचं नसतं, हे तिथे कळलं. मनगट बारीक असतं. पाटली अडते ती पंजाच्या हाडांवर. शेतात राबणाऱ्या बाईचा पंजा रुंद, सांधे जाड, आणि मनगट मात्र वाळलेलं. पंजातून जाईल अशी पाटली केली तर ती मनगटावरून कोपरापर्यंत पळते. मग तिला उघडझाप करणारा फासा करावा लागतो, किंवा मागे-पुढे दुसरं काही घालून ती जागेवर धरावी लागते. कानाचंही तसंच. जड झुबा घालून घालून पाळी ओघळते, भोक लांबतं. आपल्याकडे कानातून केसांत अडकवायचा वेल असतो तो नुसता शोभेचा नाही, तो कानावरचं वजन केसांवर घेतो. ज्या कुणा कारागिराने तो पहिल्यांदा केला, त्याने एखाद्या बाईचा दुखरा कान जवळून पाहिला असला पाहिजे. नक्षी सुचणं म्हणतात ते मला असं दिसतं. ते कागदावर कमी आणि माणसाच्या अंगाशी जास्त होतं.

आता मी मुख्यतः चांदीत आणि तुळशीत काम करते. सोन्याने एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला. स्वतःच्या भांडवलावर एकटीने काम करणाऱ्या बाईला सोनं घरात ठेवून प्रयोग करणं परवडत नाही. पण तुळशीकडे मी नाइलाजाने गेले नाही. पंढरपुरात काशी कापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या माळा करतात. वाळलेल्या तुळशीची खोडं आसपासच्या गावांतून येतात. त्यांचे तुकडे करायचे, भोक पाडायचं, मणी फिरवून गोल करायचा आणि ओवायचा. अख्खं घर या कामात असतं. यंत्रावर केलेला मणी सगळा एकसारखा असतो. हाताचा मणी तसा नसतो, आणि मला तोच हवा असतो. त्याच्या टोकांना चांदीच्या टोप्या बसवायच्या तर प्रत्येक मण्याला टोपी वेगळी घडवावी लागते.

या कामात एक पेच आहे. चांदीचा सांधा झाळायला आग लागते आणि तुळस आगीपुढे टिकत नाही. म्हणून सवागी लावून, फुंकून, झाळायचं तेवढं सगळं आधी उरकायचं, कानशीने साफ करायचं, आणि मणी शेवटी ओवून तारेचं टोक थंड्या हातानेच वळवून बंद करायचं. त्या शेवटच्या वेढ्याला आगीचा आधार नाही. तो सुटला तर माळ सुटली. शिवाय लाकूड घाम पितं, पावसात फुगतं, उन्हात आकसतं. टोपी घट्ट बसवली तर मणी चिरतो, सैल ठेवली तर ती खुळखुळते. यातला नेमका अंदाज मला अजूनही प्रत्येक मण्यापाशी नव्याने घ्यावा लागतो, आणि या कामातला माझा सगळा आनंद त्या जागी आहे.

आषाढीला प्रदक्षिणा मार्गावर पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा एखादी आजी माळ हातात घेते, दिंडीतल्या सवयीने मलाही ‘माउली’च म्हणते आणि विचारते, “माउली, ही तुटंल का?” छान दिसते का, हे ती विचारत नाही. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत अन्नाला न शिवणारी माणसं आहेत ही. तिच्या दृष्टीने माझा तारेचा वेढा म्हणजे तिचं त्या दिवशीचं जेवण. ती दोन्ही टोकं धरून माळ माझ्यासमोर ओढून बघते. माझ्या कामाची इतकी खरी परीक्षा दुसरं कुणी घेत नाही, आणि ती घेतल्याचा मला कधीच राग येत नाही.

नवं काही सुचेनासं झालं की मी तेरला जाते. धाराशिव जिल्ह्यातलं गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये ‘तगर’ म्हणून ज्या बाजारपेठेचं नाव येतं ते हेच गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथे आहे. सातवाहनांच्या काळातले मणी तिथे पाहायला मिळतात, शंखाचे, काचेचे, रंगीत दगडांचे. आमच्यासारख्यांनी ते काचेला नाक लावून बघावेत. दगडाच्या मण्याला जुने कारागीर दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणत. मधोमध त्या दोन भोकांची गाठ पडायची. कुठे ती एका रेषेत मिळतात, कुठे केसभर चुकतात. त्या केसभर चुकीत मला तो माणूस दिसतो. त्याचं नाव नाही, जात माहीत नाही, राजाचं नाव तेवढं इतिहासात आहे.

नरहरीचं नाव राहिलं ते त्याच्या अभंगामुळे. त्याचा सगळ्यात गाजलेला अभंग तुम्ही ऐकला असेलच. पुन्हा ऐकाल तेव्हा एक गोष्ट बघा. त्यात बागेसरी आहे, मूस आहे, फुंकणी, हातोडा, कातर, ताजवा आहे. रात्रंदिवसाची ठोकाठोक आहे. सोनाराच्या धंद्याला चिकटलेली चोरीसुद्धा त्याने वगळलेली नाही. शेवटी खांद्यावर पोतडी आहे. पण दागिना एकही नाही. साखळी, कडं, मुकुट, काही नाही. जन्मभर दागिने घडवणारा माणूस देवापुढे गेला तो हत्यारं घेऊन. मला यात मोठा दिलासा वाटतो. लोकांना दिसतो तो दागिना. आमचं आयुष्य जातं ते कानस, राख आणि चिमट्यात.

आणि बिलात यातलं काय येतं? सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, तीन टक्के जीएसटी. घडणावळही बहुतेक ठिकाणी ग्रॅममागे किंवा टक्क्याने. म्हणजे जड आणि सोपं काम करणाऱ्याला जास्त पैसे, हलकं आणि बारीक काम करणाऱ्याला कमी. ठुशीसारखं डोळे फोडणारं काम आणि साच्यातून निघालेलं जाड कडं एकाच काट्यावर तोललं जातं. तुळशीच्या माळेला तर वजनच नाही. माझ्या कामात चांदी गुंजभर आणि वेळ सगळा. अशा बिलात मी मावणार कुठे?

हे आजचं नाही. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, परकीय चलनाची ओढाताण, सोन्याची चोरटी आयात. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. 14 कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायचा नाही, असा नियम झाला. आपल्या बायकांना 14 कॅरटचं सोनं नको होतं आणि आपल्या कारागिरांच्या हाताला ते वळत नव्हतं. देशभर सोनार बसून राहिले, कित्येकांनी जीव दिला. पुढे 1968 चा कायदा आला, तो उठायला 1990 साल उजाडलं. अण्णांच्या वडिलांनी त्या काळात ऐरण गुंडाळून कुंकवाच्या दुकानात पुड्या बांधल्या. सोन्याचं धोरण ठरवताना ते घडवणाऱ्या हाताचा विचार कुणी केला नाही, ही गोष्ट अण्णा अगदी शांतपणे सांगायचे आणि मला ती ऐकताना आजही चीड येते.

आता हॉलमार्क आहे. 2021 पासून तो सक्तीचा होत गेला, एप्रिल 2023 पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-आकड्यांची ओळख लागते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उत्तमच. त्यातून शुद्धता कळते, पण कुणाच्या हाताने घडलं ते कळत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनार घेतला, कर्ज आणि प्रशिक्षण ठेवलं, तेही चांगलं झालं. पण घडवणाऱ्याचं नाव दागिन्यासोबत जावं, असं कुठल्याच कागदाला वाटलेलं नाही. नवी आकृती केली, फोटो कुणाला पाठवला, की पुढच्या वारीला तीच साच्यातून ओतून निघालेली रस्त्यावर दिसते. आकृतीची नोंदणी करता येते, 2000 चा कायदा आहे, दहा वर्षांचं संरक्षण मिळतं. पण एकटी बाई किती आकृत्या नोंदवणार आणि कुणाकुणाच्या मागे धावणार? मी धावणं सोडलं आहे. मापाची नक्कल करता येत नाही, तेवढ्यावर माझी भिस्त आहे.

गेल्या महिन्यात मंगळवेढ्याकडचं एक कुटुंब आजीची बोरमाळ घेऊन आलं. मुलीचं लग्न होतं आणि माळ मोडून हलकी साखळी करायची होती. बोरमाळेचा मणी म्हणजे वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. मोडली की हातात येतं ते सोनं पाहून घरचे हबकतात. मी ते आधीच सांगितलं आणि मुलीला समोर बसवून गळ्याचं माप घेतलं. आजीचा गळा मोठा असावा. माळ मुलीच्या छातीवर येत होती. चेपलेले मणी वगळून बाकीचे आखूड गाठवले, मध्ये चांदीचे छोटे मणी घातले, आणि मागच्या गोंड्याच्या जागी साडीच्या ब्लाउजात न अडकणारा फासा केला. वगळलेल्या मण्यांचे कानातले झाले. मुलीने आरसा मागितला आणि बराच वेळ परत दिला नाही.

बिल मी वहीच्या पानावर लिहिलं. चांदीचं वजन आणि किंमत, रेशीम, आणि खाली एक मोठी रक्कम. मुलीच्या वडिलांनी त्या रकमेवर बोट ठेवलं.

“ताई, सोनं तर आमचंच हाय. हे कशाचं?”

“मापाचं,” मी म्हटलं, आणि कुठला मणी का वगळला, गळा कुठे मोजला, फासा का बदलला, ते सगळं त्यांना मणी हातात देऊन दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. थोडे कमी करून घेतले, पण ती ओळ खोडा असं ते म्हणाले नाहीत. आता कार्तिकीच्या आधी मी नवं बिलबुक छापून घेते आहे. त्यात ही ओळ सगळ्यात वर असेल, चांदीच्या वजनाच्याही वर.