उपरण्याखालची बोटे

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात वडिलांबरोबर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सौदा म्हणजे आरडाओरड अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पाहिले ते निराळेच. बैलाचे दात पाहून झाले, त्याला चार पावले चालवून झाले, पाऊसपाण्याची चौकशी झाली. आणि मग व्यापाऱ्याने खांद्यावरचे उपरणे वडिलांच्या हातावर टाकले. त्याखाली दोघांचे हात एकमेकांत गेले. वडील तोंडाने म्हणत होते, "तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?" आणि उपरण्याखाली त्यांची बोटे बजावत होती, या आकड्याच्या खाली मी उतरणार नाही! भोवती पंधरा-वीस माणसे उभी होती. त्यांतल्या एकालाही काही कळले नाही. ज्या दोघांना कळायला हवे होते, त्यांना मात्र पै-पैचा हिशेब कळला होता.

हे दृश्य मला परवा आठवले ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात एका जर्मन कंपनीचे काम पाहतो. दिवाळीला गावी आला तो तोंड पाडूनच. काम शुक्रवारपर्यंत होईल का, असे तिकडच्या साहेबाने विचारले होते. हा म्हणाला, "प्रयत्न करतो." साहेबाने वहीत 'शुक्रवार' लिहून टाकले. शुक्रवारी काम झाले नाही, तेव्हा साहेब रागावला. पण उशिराबद्दल नव्हे. "होणार नाही हे तुम्हाला मंगळवारीच ठाऊक होते, मग मंगळवारीच का सांगितले नाही? मी दोन माणसे वाढवून दिली असती," असे त्याचे म्हणणे.

"मामा, मी खोटं कुठं बोललो?" भाचा मला विचारत होता. "'प्रयत्न करतो' म्हणजे काय, हे आपल्याकडं लहान लेकरालाबी कळतं!"

कळते, हे खरेच आहे. सोयरीक सांगून आली आणि स्थळ पसंत नसले, तर "मुलीचे शिक्षण चालू आहे अजून," असे आपण म्हणतो. पाहुणा समजून घेतो, चहा घेऊन उठतो आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा त्याच पंगतीला शेजारी बसतो. उसने मागणाऱ्याला आपण 'बघू' म्हणतो. सासूला सुनेला बोलायचे असले की ती लेकीवर रागावते. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण उगीच झालेली नाही. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली एका पुस्तकात हाच भेद मांडला. काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत तो शब्दांच्या भोवती असतो, असे त्याचे सूत्र. जर्मन माणूस पहिल्या टोकाचा, जपानी दुसऱ्या टोकाचा. आपण कोणत्या बाजूचे, हे बीडच्या माणसाला हॉलने सांगण्याची गरज नाही.

हे आडवळणाचे बोलणे लबाडी आहे, असे मी मानत नाही. ज्याच्याशी उद्या त्याच पारावर बसायचे आहे, त्याच्या तोंडावर नागडा नकार फेकता येत नाही. दुष्काळात एकमेकांच्या विहिरीवर जगणाऱ्या गावांनी ही रीत विचारपूर्वक घडवलेली आहे. पण या रितीला एक अट आहे. न बोललेले समजण्याची खूण दोघांकडेही हवी. ती एकाकडेच असली, की सौजन्याचे रूपांतर फसवणुकीत व्हायला वेळ लागत नाही. मग फसवण्याचा हेतू असो वा नसो.

आणखीही एक गोष्ट आहे. बैलबाजारात ज्याचा बैल, त्याचाच हात उपरण्याखाली असे. धान्याच्या अडतीतही पूर्वी अशीच कापडाखाली बोली चाले. पण तिथे कापडाखाली हात असत अडत्याचे आणि व्यापाऱ्याचे. ज्याचा माल, तो शेतकरी बाहेर उभा! म्हणून तर बाजार समित्यांचे कायदे झाले आणि उघड लिलाव हा नियम झाला. गुप्त बोलणे दोघांत ठीक. तिसऱ्याच्या पैशावर ते चालले की अन्याय होतो.

महाराष्ट्राने हा धडा फार मोठ्या किमतीला विकत घेतला तो दाभोळला, आणि त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावापर्यंत येतो. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीचे शिष्टमंडळ जून १९९२ मध्ये आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाहीत, आणि ज्यांच्या वीजबिलातून पैसा जायचा त्या ग्राहकाला अटींचा पत्ता नाही. १९९५ साली सत्तापालट झाला. नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि या कराराची छाननी त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीकडे आली. समितीने नेमके या झाकपाकीवर बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले.

त्याच वर्षी जानेवारीत एक प्रकार घडला होता. कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, भारतीयांचे 'शिक्षण' आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. इकडे गदारोळ उडाला. 'चहापाणी' म्हणजे चहा नव्हे आणि पाणीही नव्हे, हे ज्या देशात सर्वांना ठाऊक आहे, तिथे 'शिक्षण' म्हणजे शिक्षण असेल यावर कोण विश्वास ठेवणार? लाच दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही. बाई सरळ बोलल्या की आडून, हा वाद मात्र शिल्लक राहिला. उलट, 'एन्रॉन समुद्रात बुडवू' ही इकडची निवडणुकीतली घोषणा ऐकायला सरळसोट होती. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या, बोलणी पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये नव्या अटींवर प्रकल्प मान्य झाला. म्हणजे ती घोषणाही, माझ्या मते, आडवळणाचीच होती. शब्द समुद्राचे, अर्थ 'भाव उतरवा' एवढाच.

कागदाला मात्र आडवळण कळत नसते. वीज घ्या वा न घ्या, ठरलेला आकार द्यावा लागेल, असे कागद म्हणत होता. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. कापडाखाली हात कोणाचे होते, यावर आजही भांडता येईल. बाहेर कोण उभे होते, यावर भांडण नाही.

परदेशाचे राहू द्या. दरवर्षी दसरा उलटला की आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल. "आपल्या माणसात कसला आलाय कागद?" असे म्हणत ठरते ते सारे तोंडी. हंगाम संपताना उचल फिटली की नाही, याचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत असतो. तिथे मजुराचे "बघा, तुम्हाला बरं दिसंल तसं," हे शब्द सौजन्याचे नसतात. दुसरे काही बोलण्याची सोय नसते म्हणून ते येतात. या 'मर्यादे'चे कौतुक मला करवत नाही.

मग काय, आपणही जर्मन साहेबासारखे बोलू लागावे? तसे मी भाच्याला सांगितले नाही. त्याला वडिलांचा बैलबाजार सांगितला. वडिलांच्या तोंडी गोडवा होता, उपरणेही होते; पण त्याखालची बोटे संदिग्ध नव्हती. आकडा आकडाच होता, नकार नकारच होता, आणि तो वेळेवर होता. आपण उपरणे तेवढे जपले आणि बोटे विसरलो. भाचा म्हणाला, "म्हणजे साहेबाला काय सांगू?" मी म्हटले, "गोड बोल, रामराम कर, तब्येत विचार. पण 'शुक्रवारी होणार नाही, सोमवारी देतो' हे मंगळवारीच लिहून कळव."

तो हसला. "बघू मामा," म्हणाला.